कुपीतलं गंध

कुपीतला थेंब आवाज जपून ठेवणाऱ्या ध्वनिपेढीतल्या रेवतीनं यंत्रात सोडला. नुसती खरखर ऐकू आली.

"कुंदाताई, तुमच्या यजमानांचा आवाज गेला," ती म्हणाली. "जिवंत माणसांचे आवाज डीएनएत ठेवतात, गेलेल्यांना आरएनएच मिळतो. त्याच्या साखरेत एक ऑक्सिजन जास्त असतो, म्हणून तो नाजूक. उघड्या बोटाच्या स्पर्शानंही तुटतो. कुणी कुपी उघडली होती का?"

"काल वर्षश्राद्ध होतं. फोटोला लावतो तसं आतल्या थेंबाला बोटानं गंध लावलं."

रेवतीनं यंत्र बंद केलं. "मुलीचाही आरएनएच आहे. तिची कुपी तरी ठीक आहे ना?"

कुंदाताईंनी पदराची गाठ सोडली. दुसऱ्या कुपीतही चंदनाचा ठिपका होता.

"एकाच ताटात जेवायचे बापलेक," त्या म्हणाल्या. "तिला कशी वगळणार?"