फरशीवरची सिरा

बाटली वहिनीच्या हातून निसटली आणि पांढऱ्या फरशीवर पडून फुटली.

पडू नये म्हणून तिने ती अगदी छातीशी धरली होती. तळहातांना घाम सुटला, आणि जिला जपायचं तीच गेली. असं होतंच.

खोलीत दोघंच होती. वहिनी आणि तिचा धाकटा दीर. ज्यांच्यासाठी बूच काढलं त्या वाईनच्या परीक्षकबाई शेजारच्या खोलीत बेसिनपाशी खळखळून चूळ भरत होत्या. चाखण्याआधी तोंड स्वच्छ हवं, हा त्यांचा नेम. बाईंच्या चुळीने फुटण्याचा आवाज गिळला असावा, कारण चूळ चालूच होती.

ती शेवटची बाटली होती. मळ्याच्या उतारावर वहिनीने हट्टाने लावलेल्या सिरा नावाच्या काळ्या द्राक्षांची, बारा वर्षं तळघरात मुरत ठेवलेली वाईन. "ही जात इथे मुरत नाही, नुसती शाई होते," असं दीर पहिल्या दिवसापासून म्हणत आला होता. वेली उपटायचं यंत्रही त्याने ठरवून टाकलं होतं. बाईंनी चाखून 'जिवंत आहे' म्हटलं तरच ते यंत्र परत जायचं, असा दोघांत करार होता. आणि या बाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणाऱ्या. भल्या भल्या वाईनना त्यांनी 'बरी आहे' एवढ्यावर वाटेला लावलं होतं.

"संपलं," वहिनी म्हणाली. तिला रडू फुटायचंच बाकी होतं. "भाऊजी, संपलं सगळं. बोलवा तुमचं यंत्र."

दीर काचा उचलायला वाकला होता. तो वाकलेलाच राहिला. मग गुडघ्यांवर आला, आणि मग त्याने चक्क नाक फरशीकडे नेलं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला. "अहो वहिनी, खाली या."

"काच लागली का?"

"काच गेली खड्ड्यात! वास घ्या आधी!"

ती खाली बसली. ग्लासातून वास येतो तो चिमूटभर. इथे अख्खी बाटली एकदम मोकळी झाली होती. आधी भाजलेली मिरी आली. मग जुनं चामडं, विझत्या शेकोटीचा धूर, आणि या सगळ्याच्या तळाशी काळ्या मनुकांचा गोडवा. आंबूसपणाचा मागमूस नव्हता. वहिनीच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती हिच्या बाजूने भांडत होती आणि ही तळघरात आपली आपण मोठी झाली होती.

"मिरी!" ती म्हणाली.

"मिरी काय घेऊन बसलात? धूर बघा, धूर!" दीर जवळजवळ ओरडला. "आणि हे, हे काय? चामड्याचं दप्तर हो! आतून!"

"शाई म्हणत होतात."

"म्हणत होतो."

"आणि आता नाक घासताय."

दिराने मान वर केली. नाकाच्या शेंड्याला लाल थेंब लागला होता.

"घासतोय," तो म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला.

चुळीचा आवाज थांबला. दारात परीक्षकबाई उभ्या होत्या, आणि समोर दोन मोठी माणसं रांगत होती.

"मॅडम, ती बाटली..." वहिनीने सुरुवात केली.

"माझ्या हातून पडली," दीर पटकन म्हणाला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

बाई पुढे आल्या. चष्मा कपाळावर सरकवला आणि काचा चुकवत त्याही उकिडव्या बसल्या.

"रंग बघायला आम्ही ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरतो," त्या म्हणाल्या. "इथे कागद आयताच आहे." सांडलेल्या वाईनच्या कडेवरून त्यांनी हवेतच बोट फिरवलं. मध्ये ती अजून गडद होती, कडेला पातळ होत होत विटेच्या रंगाची झाली होती. "वय कडेला दिसतं. बघा, किती छान उतरलंय."

त्या 'छान' म्हणाल्या. दिराने वहिनीला कोपराने ढोसलं.

मग बाईंनी डोळे मिटले आणि इतका लांब श्वास घेतला, की वहिनीचाच जीव गुदमरला.

"चाखायला काही उरलंय?"

बाटलीचं बूड वाटीसारखं शाबूत होतं. त्यात घोट-दीड घोट असेल. वहिनीने धुतलेल्या रुमालाच्या चार घड्या केल्या आणि त्यातून तो ग्लासात गाळला. या वेळी थेंबही सांडला नाही. बाईंनी तोंडात घेतला, या गालातून त्या गालात घोळवला, नियमाप्रमाणे भांड्यात थुंकल्या आणि तोंड पुसायच्याही आधी म्हणाल्या, "आणखी?"

"नाही मॅडम. शेवटची होती."

"शेवटची?" बाईंचा चेहरा एकदम पडला. खाऊ संपल्यावर पोरांचा पडतो तसा.

तेवढ्यात दार ढकलून झाडलोटीच्या मावशी बादली आणि पोछा घेऊन आत आल्या.

"काय फोडलंत रे बाबांनो? सरका जरा, पुसून घेते."

"पुसू नका!"

तिघंही एकदम ओरडली. त्यात सगळ्यात मोठा आवाज परीक्षकबाईंचा होता. त्यांनी फरशीवर दोन्ही हात आडवे टाकले होते आणि त्यांच्या पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत लाल होत चालल्या होत्या.