गरम मूस

मॅट्रिक नापास होऊन दौलत बडोद्याच्या रंग तपासायच्या प्रयोगशाळेत उमेदवारीला लागला, त्याला तीन वर्षं झाली. नवा बी.एस्सी. गुप्ते त्याला तराजूला हात लावू देत नसे. “शिलेदाराच्या पोरानं घोड्यांना खरारा करावा!” तो म्हणे. आज नमुन्यांची वजनं चुकली आणि गुप्तेनं मोठ्या साहेबांसमोर दौलतकडं बोट दाखवलं. “या नापासानं तराजू बिघडवलाय. हाकला याला!” “शुं थयुं, दौलत?” काय झालं ते साहेबांनी गुजरातीत विचारलं. “हे गुप्ते नमुना जाळायची चिनीमातीची मूस भट्टीतून काढून गरम असतानाच तोलतात, साहेब. भोवतीची गरम हवा वर चढते, म्हणून गरम मूस हलकी भरते. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं.” “थापाड्या! गारच आहे!” दौलतनं तराजूतली मूस चिमट्यानं उचलली. “मग धरा हातात.” गुप्तेनं ऐटीत तळहात पुढे केला, पण मूस टेकताच किंचाळला आणि ती फरशीवर पडून फुटली. “तुकडे उचल, शिलेदारा!” तो ओरडला. “पाडली त्यानं उचलावेत,” दौलत म्हणाला. साहेबांनी तराजूच्या काचपेटीची किल्ली दौलतपुढे सरकवली.