तळ्यापलीकडची हाक

"पंखेवालं इंजिन घेऊ या. हळू चालेल, पण भुसभुशीत बर्फ नसला तरी तापत नाही," बर्फावर चालणाऱ्या जुन्या स्नोमोबाइल गाड्या बघताना रेवती म्हणाली.

"कॅनडात बर्फाला काय तोटा?" असं म्हणत यशोधननं पाण्यावर थंड होणारं दांडगं इंजिनच घेतलं.

फेब्रुवारीत तळ्यापलीकडून फोन आला. परक्या मुलखात रेवतीला आईची माया लावणारी म्हातारी आइनो शेवटच्या घटका मोजत होती आणि तिलाच हाका मारत होती. दोघं लगेच निघाली.

वाऱ्यानं गोठलेल्या तळ्यावरचा सगळा भुसभुशीत बर्फ झाडून नेला होता. गाडीच्या पट्ट्यानं उडवलेला तो बर्फ लागून आतलं पाणी थंड झाल्याशिवाय हे इंजिन निवत नसे. अर्ध्या वाटेत तांबडा दिवा लागला आणि यशोधनला गाडी बंद करावी लागली.

"जरा थांब, निवेल आता."

रेवती थांबली नाही. निसरड्या तळ्यावरून ती पडत, उठत चालू लागली. तोही मागोमाग गेला.

आइनोची मुलगी दारातच रडत उभी होती. रेवती आत जाऊन पलंगाशी बसली. यशोधन उंबऱ्यावरच थबकला.

"हात अजून उबदार आहे रे तिचा," रेवती म्हणाली.