भोंगा बंद

कारखान्यानं गॅस सोडण्याआधी भोंगा वाजवायचा, असा नियम होता. गॅस डोळ्यांना दिसत नसे, पण नातीचा दमा उसळे. म्हणून भोंगा ऐकला की आजी हातातलं काम टाकून खिडक्या लावायच्या आणि तासाभरानं उघडायच्या.

या आठवड्यात मेला भोंगा वाजलाच नाही. “देवाला दया आली गं सोने!” म्हणत आजींनी खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. तरी चौथ्या दिवशी नातीला धाप लागली.

त्याच कारखान्यातून घरी आलेला मुलगा दारातूनच ओरडला, “आई, आधी खिडक्या लाव! आजच कळलं, गॅस रोज सुटतोय. आमदारांनी फक्त भोंग्याचा नियम रद्द करून घेतलाय!”



शेवटची कडी लावून आजींनी विचारलं, “आणि आता उघडायच्या कधी रे?”