नोकराचा पायजामा

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकात माझं काम विनोदी नोकराचं होतं, पण माझ्या संवादांना कोणी हसेना. मग एका तालमीत मी आमच्या रफीकभाऊ टेलरसारखा लंगडत आलो. त्यांचा डावा पाय जन्मापासून आखूड. नायिका झालेला चैतू मिशांसकट लोळून हसला, अन् नाटक बसवणारे गुरुजी म्हणाले, "हेच ठेव, सुरज!"

नाटकाचे कपडे दरवर्षी रफीकभाऊच शिवून देत, हौसेनं. ते तालमीला आले की मी सरळ चालायचो. तेवढी लाज होती मला, पण तेवढीच.

रंगीत तालमीच्या दिवशी त्यांनी शिवलेला पायजामा घातला, तर डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं वर. रफीकभाऊ समोरच कोणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत बसले होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "भाऊ, यंदा माप चुकलं न तुमचं!"

त्यांनी दातानं दोरा तोडला.


"चुकलं नाई, बेटा. चाल माही घेतली तू, मंग माप बी माह्यंच टाकलं."