तिसऱ्या दिवसाचं नाव

"नाव काय लावायचं?" नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने विचारलं. हार्मेन टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या मागे बाकावर त्याचे वडील वोपके बसले होते.

पोर जन्मल्याला आज तिसरा दिवस होता. नोंदीची मुदतही तीनच दिवसांची. पहिल्या दिवशी हार्मेन उद्या जाऊ म्हणाला, दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. माणूस चांगला होता, पण बायको आणि बाप यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याच्या पायांत शिसं भरायचं.

फ्रीसलंड या डच प्रांतातल्या त्या गावात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव लावतात. तो गेला तर तेच नाव पुढच्याला. हार्मेनचा पहिला वोपके आठ महिन्यांचा होऊन गेला. दुसरा दोन वर्षांचा झाला, अंगणात बदकांमागे धावू लागला आणि गेला. दोघांचे दगड चर्चमागे शेजारी शेजारी होते, दोन्हींवर एकच नाव. आता तिसरा मुलगा झाला आणि हिस्केने बाळंतिणीच्या खाटेवरूनच नवऱ्याला बजावलं, "त्या नावाने मी याला हाक मारणार नाही. दफनभूमीत ज्या नावाचा एकही दगड नाही, असं नाव आण."

आता असं नाव त्या गावात कुठून आणायचं? तिथे जिवंत माणसांची सगळी नावं मेलेल्यांकडूनच आलेली. शेवटी तिनेच शोधलं. फ्लोरिस. हॉलंडकडून बटाटे घेऊन येणाऱ्या एका होडीवर तिने ते वाचलं होतं. बाळ बघायला आलेल्या बायका बडीशेपेचे साखरदाणे लावलेले टोस्ट खाता खाता म्हणाल्या, पोराला काय होडीचं नाव ठेवतात का? उद्या त्यात बटाटे भराल.

वोपकेंनी यावर जेवायला टेबलाशी येणं बंद केलं. चुलीजवळ बसून ते पाव खायचे. आपलं नाव पुढे चालवणारं कुणी नसलं की आपण होतो याला पुरावा काय, असं त्या पिढीला वाटायचं, आणि ते दुःख काही खोटं नव्हतं.

पोर दुसऱ्या रात्री दूध नीट पीत नव्हतं. सुईण म्हणाली, पिईल हळूहळू.

"साक्षीदार दोन लागतात," कारकून म्हणाला. एक वोपके होतेच. दुसरा शेजारी गोसे. त्याच्या गाईंची धार काढायची राहिली होती, ती उरकून तो येणार होता. म्हणजे थांबणं आलं. कारकुनाने जन्माचं पुस्तक उघडून ठेवलं आणि तारीख तेवढी लिहून घेतली.

हार्मेन बाकावर बापाशेजारी बसला.

"तिने शोधलेलंच नाव लाव," वोपके एकदम म्हणाले. "माझं नाव मी दोनदा मातीत घातलंय. तिसऱ्यांदा मला जमायचं नाही."

हार्मेनला रडू आलं. तीन दिवस बापाच्या ज्या उत्तराला तो भीत होता, ते इतकं सोपं निघालं होतं. त्याने उठून कारकुनाला सांगितलं, फ्लोरिस. कारकून हसला, पण चांगलं हसला. पेन शाईत बुडवून तो दाराकडे बघू लागला.

गोसे आला तो धापा टाकत. टोपी काढली आणि तिथेच थांबला.

"हार्मेन," तो म्हणाला, "पोर गेलं रे."

पेन तसंच हवेत राहिलं. सगळ्यांत आधी वोपके बोलले. "सही केल्यावर सांगायचंस की, गोसे."

"उघड्या पुस्तकापुढे खोटं कसं वागू, काका? मला आयुष्यात जमलं नाही ते."

कारकुनाने जन्माचं पुस्तक मिटलं आणि फळीवरून मृत्यूचं काढलं. जिवंतपणी ज्याची नोंद झाली नाही ते मूल निर्जीव म्हणून लिहायचं, असा कायदा होता. त्याला नाव नाही, वयही नाही. हार्मेन सांगत राहिला की पोर दोन रात्री रडलं, त्याने बोट धरलं होतं. कारकून ऐकून घेत होता. माणूस निर्दयी नव्हता.

"काल आला असतास हार्मेन," तो हळूच म्हणाला, "तर दोन्ही पुस्तकांत त्याचं नाव आलं असतं."

नोंदीखाली वोपके आणि गोसे यांनी सह्या केल्या.

तिघं घरी आले तेव्हा हिस्के पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. तिने आधी सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा, शेवटी मी त्याला वोपकेच म्हटलं. तिथे दोघं भाऊ आहेत. परक्या नावाचं एकटं पोर त्यांनी कसं ओळखावं?" मग ती नवऱ्याकडे वळली. "बाबांचंच नाव लावलंस ना रे? माझं ऐकलं नाहीस ना?"

हार्मेनने बापाकडे पाहिलं. वोपके चुलीजवळ जाऊन बसले. हिस्केने गोसेकडे पाहिलं. "तू सांग गोसे. पुस्तकात वोपके लिहिलंय ना?"

"हो," गोसे म्हणाला. "मी स्वतः सही केली."