तांबडा कुत्रा

“आजोबा, विजार अजून थोडी वर घ्या. खूण नीट दिसली पाहिजे,” कॅमेरावाला गुडघ्यावर बसत म्हणाला.

शिट्टीमास्तरांनी विजार गुडघ्याच्या वर गुंडाळली. डाव्या पोटरीवर ती खूण होती, विळ्यासारखी वाकडी आणि खळग्याखळग्यांची. मास्तरांनी उभा जन्म याच किनाऱ्यावर जीवरक्षकाची नोकरी केली होती. नोकरी संपली तरी शिट्टी गळ्यात राहिली आणि तिच्याबरोबर नावही.

लेकीच्या लॉजमधली जेवणाची खोली रिकामी होती. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. मागच्या आठवड्यात एक पर्यटक पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या झेंड्यांच्या पलीकडे, होड्यांवरची मासळीची घाण टाकतात तिथे पोहायला गेला आणि शार्कने त्याची टाच धरली. चार टाके पडले. तो गडी हसत हसत घरी गेला, पण बातम्यांच्या वाहिनीने त्याला सोडलं नाही. ‘नरभक्षक किनारा’ म्हणून दिवसरात्र तेच. धडधड संगीत, कुठल्यातरी भलत्याच समुद्रातला शार्क आणि त्याच्याभोवती लाल वर्तुळ. तेव्हापासून लॉजचा फोन वाजला की खोली रद्द झालीच म्हणून समजायचं. नवरा गेल्यावर लेकीने हे लॉज एकटीने उभं केलं होतं. हा हंगाम असाच गेला तर कुलूप लावावं लागणार होतं.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकच पेला पुन्हा पुन्हा पुसत होती. वडिलांना ‘सांगू नका’ म्हणायला तिची जीभ रेटली नव्हती. ती गोष्ट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रोज नाश्त्याला पाहुण्यांपुढे ती व्हायचीच. शार्कने पोटरी धरली, पाणी लाल झालं, तरी मास्तरांनी बुडणाऱ्या माणसाला सोडलं नाही. “आणि माणूस तरी कसा? दोन पोती वजनाचा!” असं ते म्हणाले की आतून त्यांची बायको, मास्तरीणबाई, ओरडायच्या, “एवढा काही जाडा नव्हता!” दरवर्षी येणारे पाहुणे त्या ओरडण्याची वाट बघत चहा थंड करायचे. नात तर त्या खळग्यांत बोटं घालून बसायची आणि शाळेत जाऊन आजोबांचा पराक्रम तिखटमीठ लावून सांगायची.

“आता आपण थेट प्रक्षेपणात आहोत,” बातमीदार मुलगी घाईने म्हणाली. “आजोबा, त्या राक्षसाने झडप घातली तेव्हा काय वाटलं? आणि जमलं तर थोडं लंगडून दाखवा ना.”

नात सरसावून बसली. मास्तरांनी घसा खाकरला. मग त्यांची नजर दाराकडे गेली. लेकीच्या हातातला पेला थांबला होता.

“राक्षस कसला, बाई?” मास्तर म्हणाले. “मला कुत्रा चावला होता.”

“कुत्रा?”

“शेजाऱ्यांचा. सायकलवरून चाललो होतो. शार्क मी लांबून पुष्कळ पाहिले. आपण झेंड्यांच्या आत राहावं, मासळी टाकतात तिकडे फिरकू नये. ते आपल्या वाटेला जात नाहीत.”

बातमीदार मुलीचा चेहरा पडला. तिने शेवटची आशा म्हणून माईक स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या मास्तरीणबाईंपुढे धरला. “आजी, तुम्ही तरी खरं सांगा.”

मास्तरीणबाईंनी पदराला हात पुसले. नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. आजवर त्याची एकही गोष्ट त्यांनी स्वतःची भर घातल्याशिवाय पुढे जाऊ दिली नव्हती.

“तांबडा होता,” त्या म्हणाल्या. “एक कान तुटका. आणि हे घाबरून सायकलसकट गटारात.”

कॅमेरावाला इतका हसला की चित्र हललं.

संध्याकाळी वाहिनीने तेच, त्याच धडधड संगीतावर लावलं. ‘शार्क नव्हे, कुत्रा!’ या वेळी कुत्र्याभोवती लाल वर्तुळ होतं. लोक हसले आणि हसता हसता त्यांची भीती गेली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, तो खोली आहे का विचारायला. किनाऱ्यावरचा छत्रीवाला मास्तरांना बघून भुंकला. लेकीने त्यांना मिठी मारली. “बाबा, जन्मभर टोपी घातलीत की आम्हाला!” म्हणत ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. नात तेवढी फुरंगटून बसली. “आता मी शाळेत काय तोंड दाखवू?” मास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

उन्हं कलली तेव्हा दोघं मागच्या पायरीवर बसली. मास्तरीणबाई रोजच्यासारखं त्यांच्या पोटरीला तेल चोळत होत्या. अंगठा एका खळग्यातून दुसऱ्यात उतरत होता.

“एवढ्या जबड्याचा कुत्रा कुणी पाहिलाय?” त्या म्हणाल्या. “नशीब, त्या बातमीदार पोरीने नीट बघितलं नाही.”

“तू कान तोडलास म्हणून खपलं.”

“नातीला खरं सांगायचं का?”

“मोठी होऊ दे. आत्ता तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.” मास्तरांनी खुणेवर बोट ठेवलं. “त्या दिवशी तू घरी न सांगता किनाऱ्यावर आली होतीस. तुझ्या वडिलांना कळू नये म्हणून मी गोष्टीत गडी घातला. मग बदलायचं राहूनच गेलं.”

मास्तरीणबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“गडी केलंत ते ठीक. पण दोन पोती? एवढी काही जाडी नव्हते मी.”